एका भिंगाला दिसलं ते दोन भिंगांना का दिसलं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तिने लेवेनहूक निवडलाय. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या या कापडवाल्याने १६७०च्या दशकात एकाच भिंगातून जिवाणू पाहिले, असं तिने वाचलं. लंडनच्या रॉबर्ट हूककडे मात्र तेव्हा दोन-तीन भिंगांचा मोठा मायक्रोस्कोप होता, तरी त्याला ते दिसले नव्हते. तुम्ही विचारताय, ‘जास्त भिंगं म्हणजे जास्त दिसायला हवं ना? की गोष्ट फुगवून सांगितलीय? आणि तसलं भिंग घरी करता येईल का?’

मी तीसेक वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. निवृत्त झाल्यापासून शाळांमध्ये मुलांकडून काचेच्या मण्यांचे मायक्रोस्कोप करून घेतो. त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रश्नांशी माझा रोजचा संबंध आहे. गोष्ट फुगवलेली नाही आणि भिंग घरी करता येतं. पण ‘जिवाणू दिसतील का’ याचं उत्तर तुमच्या हातात किती चांगला मणी येतो, उजेड कसा आहे, बघणाऱ्याचा डोळा कसा आहे आणि त्याला किती चिकाटी आहे, यावर ठरेल. आधीच शब्द देत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण दर वर्षी निम्मा वर्ग इथेच अडखळतो. रॉबर्ट हूक हा इंग्रज. रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या विज्ञानसंस्थेत, दर आठवड्याला प्रयोग करून दाखवणं हे त्याचं पगारी काम. अँटनी व्हान लेवेनहूक हा डच. जन्म १६३२चा, मृत्यू १७२३चा, म्हणजे पुरी नव्वदी गाठलेला. त्याला ना लॅटिन येत होतं, ना इंग्रजी. कापडाचं दुकान होतं, पुढे नगरपालिकेत नोकरी लागली, मोजणीदाराचं कामही केलं. कापडाचे धागे मोजायला व्यापारी भिंग वापरत, तिथून त्याला हा नाद लागला असावा असं म्हणतात. दोघांचा नातेगोत्याचा संबंध नाही. नावातला ‘हूक’ निव्वळ योगायोग.

आता खरा प्रश्न. ‘जास्त भिंगं म्हणजे जास्त दिसतं’ हे आजच्या मायक्रोस्कोपकडे बघून आपल्याला वाटतं. मोठं दिसणं आणि नीट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रातला फोटो झेरॉक्सवर मोठा केला तर ठिपके मोठे होतात, चेहरा काही उघड होत नाही. मायक्रोस्कोपचंही तसंच. जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून वेगळे दिसले तरच मोठं करण्याला अर्थ.

सतराव्या शतकातल्या भिंगांत दोन मोठे दोष होते. एक रंगदोष: काच निळा प्रकाश जास्त वळवते, तांबडा कमी, त्यामुळे प्रत्येक कडेला इंद्रधनुष्याची झालर. दुसरा गोलीय दोष: भिंगाच्या कडेतून आलेले किरण आणि मधून आलेले किरण एका जागी भेटतच नाहीत, म्हणून सगळं पिठूळ. पहिलं भिंग ही झालर आणि हे पिठूळपण तयार करतं. दुसरं भिंग त्या झालरीसकट प्रतिमा मोठी करतं आणि स्वतःचे दोष वर चढवतं. भिंगं वाढली की दोषही वाढले. जोसेफ जॅक्सन लिस्टरने १८३०मध्ये दोष एकमेकांना खोडतील अशी भिंगांची जुळणी कशी करायची ते दाखवलं, तोवर दोन भिंगांचा मायक्रोस्कोप हे दिसायला राजेशाही पण कामाला बेताचं यंत्र होतं.

हूकला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ १६६५चं. पिसूचं ते प्रसिद्ध चित्र आणि बुचाच्या कापातले ‘सेल’ त्यातलेच. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की आपल्या यंत्रातलं मधलं भिंग तो पुष्कळसा भाग एकदम बघायचा असेल तेव्हाच लावतो. बारकावा हवा असला की ते काढून ठेवतो, कारण वळणं जितकी कमी तितकी प्रतिमा उजळ आणि स्वच्छ. म्हणजे तीन भिंगांचा मालक स्वतःच एक भिंग बाजूला काढत होता. मुलीच्या तक्त्यावर एकच वाक्य लिहायचं असेल तर हे लिहा.

त्याच प्रस्तावनेत पुढे जे आहे ते वाचून मी पहिल्यांदा चाट पडलो होतो. हूक तिथे एका भिंगाच्या मायक्रोस्कोपची कृतीच देतो. स्वच्छ व्हेनिशियन काच घ्या, दिव्याच्या ज्योतीत तिचा बारीक धागा ओढा, धाग्याचं टोक परत ज्योतीत धरा, म्हणजे काच वितळून आपोआप गोल मणी होतो. मग देठ घासून, पॉलिश करून, सुईने भोक पाडलेल्या पातळ पत्र्यावर मेणाने बसवा. यातून मोठ्या यंत्रांपेक्षा जास्त मोठं आणि काही वस्तू जास्त स्पष्ट दिसतात, हेही तो कबूल करतो. मग स्वतः का वापरत नाही? तर मणी इवलासा, वस्तू त्याला जवळजवळ चिकटवावी लागते, वापरायला फार कटकट. पुढे १६७८मध्ये त्याने हेही लिहिलं की अशा भिंगांनी त्याच्या डोळ्यांना त्रास झाला, दृष्टीवर ताण आला.

ही कटकट काय असते ते मला माहीत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काचेच्या मण्याचा हिशोब सोपा आहे. साध्या काचेचा मणी किती पट मोठं दाखवेल हे काढायला ३३३ला मण्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. मोहरीएवढा, म्हणजे २ मिमीचा मणी साधारण १६५ पट. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा १ मिमीचा मणी ३३० पट. लेवेनहूकचा नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संग्रहालयात असलेला मायक्रोस्कोप सुमारे २६६ पट मोठं दाखवतो, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा मणी झाला. २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जिवाणू त्यातून अर्ध्या मिलिमीटरएवढा भासतो. तेवढं डोळ्याला पुरतं.

पण याची किंमत मोजावी लागते. मण्याच्या पृष्ठभागापासून वस्तू किती अंतरावर ठेवायची? व्यासाच्या फक्त पावपट. म्हणजे राजगिऱ्याएवढ्या मण्याला पाव मिलिमीटर. आपली नेहमीची स्लाइड एक मिलिमीटरहून जाड असते, म्हणजे ती उलटी पकडली की खेळ खलास. वस्तू कव्हरस्लिपच्या, म्हणजे वर झाकलेल्या पातळ काचेच्या बाजूने मण्याला भिडवावी लागते, आणि हात जरा हलला की कव्हरस्लिप तडकते. वरून डोळाही मण्याला इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या पत्र्याला घासतात.

आणि एक भानगड कुठल्याच पुस्तकात मला आधी सापडली नव्हती. मण्यातून डोळ्यात येणारी प्रकाशाची शलाका फार बारीक असते. त्यामुळे आपल्याच डोळ्यातल्या पाण्यात तरंगणारे कण आणि धागे ठळक दिसतात. माझ्या पहिल्या चांगल्या मण्यातून मी अर्धा तास एका साखळीसारख्या जीवाकडे बघत होतो. मान हलवली की तोही हलायचा. स्लाइड काढून घेतली तरी तो तिथेच. मग ट्यूब पेटली. हूकला त्रास झाला तो मला त्या दिवशी नीट कळला. माणूस आळशी नव्हता. त्याच्यावर दर आठवड्याला नवा प्रयोग दाखवायची जबाबदारी होती, आणि हे साधन एका वेळी एकाच माणसाने, एका डोळ्याने, तासन्‌तास बघायचं. सभेत फिरवायला मोठं यंत्रच सोयीचं.

लेवेनहूककडे वेळ होता आणि हट्ट होता. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्या, उंचीला जेमतेम आगपेटीएवढ्या. मधे बारीक भोक, त्यात भिंग दाबून पट्ट्या रिव्हेटने पक्क्या केलेल्या. मागे एक सुई, तिच्या टोकावर वस्तू आणि ती पुढेमागे, वरखाली सरकवायला स्क्रू. पाणी बघायचं तर बारीक काचनळीत भरून तीच सुईला चिकटवायची. दर नमुन्याला वेगळा मायक्रोस्कोप, कारण एकदा नीट जुळलेलं त्याला मोडवत नसे. म्हणून तर त्याने आयुष्यात शेकड्यांनी भिंगं केली. आज मूळ मायक्रोस्कोप डझनभरच उरले असतील. २६ चांदीचे त्याने मृत्युपत्राने रॉयल सोसायटीला दिले होते, तेही पुढे हरवले.

त्याने भिंगं कशी केली हे कुणालाच सांगितलं नाही. त्यामुळे ‘त्याचं काहीतरी गुपित तंत्र होतं’ ही आख्यायिका साडेतीनशे वर्षं चालली. पट्ट्या उघडायच्या तर वस्तू नासणार. अखेर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी न्यूट्रॉनच्या झोताने धातूच्या आतलं भिंग न उघडता बघितलं आणि २०२१मध्ये प्रसिद्ध केलं. उत्रेख्तच्या सगळ्यात ताकदवान मायक्रोस्कोपमध्ये निघाला काय, तर वितळवून केलेला मणी, तोडलेल्या देठाच्या खुणेसकट. म्हणजे हूकने छापून ठेवलेल्या कृतीसारखाच! कमी ताकदीचं दुसरं एक भिंग मात्र घासून केलेलं निघालं. लेवेनहूक १६६८च्या सुमारास इंग्लंडला जाऊन आला होता, तेव्हा पिसूचं चित्र त्याच्या नजरेला पडलं असेल का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझ्या दृष्टीने तो वाद गौण. काचेचा धागा ज्योतीत धरला की मणी होतो हे दोन माणसांना स्वतंत्रपणे सुचू शकतं. अ‍ॅमस्टरडॅमचा योहानेस हुडे त्याआधीच असे मणी करत होता.

मग लेवेनहूकचं वेगळेपण कशात? इथपर्यंतचं सांगायचं तर भिंग एक असल्याने दोष कमी, मणी बारीक असल्याने ताकद जास्त, आणि ही दोन्ही हत्यारं हूकलाही ठाऊक. उरलं ते बघण्याचं कसब.

मिऱ्यांची गोष्ट घ्या. मिरी जिभेला का झोंबते, तिचे कण टोकदार असतात का, हे लेवेनहूकला बघायचं होतं. ही मिरी डच जहाजांनी पूर्वेकडून आणलेली. कोचीन तर डचांनी १६६३मध्येच पोर्तुगीजांकडून घेतलं होतं. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि तीनेक आठवड्यांनी ते पाणी बघितलं. टोकदार कण काही सापडले नाहीत, पण पाणी जिवंत होतं. यातले काही जीव इतके बारीक की ते जिवाणूच असणार. ऑक्टोबर १६७६मध्ये त्याने हे सगळं लांबलचक पत्रात रॉयल सोसायटीला कळवलं. तिथे विश्वास बसेना. त्याने डेल्फ्ट आणि हेगकडच्या आठ प्रतिष्ठितांची लेखी साक्ष पाठवली, त्यांत पाद्री होते, नोटरी होता. सोसायटीने नेहेमाया ग्रू या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला तपासायला सांगितलं, पण काही जमलं नाही. मग काम हूककडे आलं. नोव्हेंबर १६७७मधले त्याचे पहिले प्रयत्नही फसले. त्याने मिऱ्याचं पाणी पुन्हा केलं, ताकद वाढवली, पाणी अगदी बारीक काचनळ्यांत भरलं, आणि त्याच महिन्यात सभेतल्या लोकांनी ते जीव स्वतः पाहिले.

म्हणून ‘हूकला दिसले नाहीत’ हे तुमच्या पुस्तकातलं वाक्य अर्धवट आहे. त्याला आधी दिसले नाहीत. कुठे आणि कसं बघायचं हे डेल्फ्टहून कळल्यावर दिसले, आणि त्याने शिक्कामोर्तब केलं म्हणूनच जगाने लेवेनहूकवर विश्वास ठेवला. प्रदर्शनात एकाला हिरो आणि दुसऱ्याला खलनायक करू नका. हूकशिवाय ही गोष्ट एका चक्रम कापडवाल्याची गंमत म्हणून विसरली गेली असती.

उजेडाचं तो काय करायचा हेही लेवेनहूकने स्वतःजवळच ठेवलं. माझा अनुभव एवढाच सांगतो: मणी थेट उजळ आकाशाकडे धरला तर पाण्यातले जिवाणू चकाकीत विरघळून जातात. जिवंत जिवाणू काचेइतके पारदर्शक असतात, रंग दिल्याशिवाय त्यांना अंगच नसतं. बल्बसमोर काळा कागद धरून त्याला बारीक भोक पाडलं की कडा उमटतात. बल्ब थोडा बाजूला सरकवून मागे काळोख ठेवला, तर ते काळ्या पाटीवरच्या धुळीसारखे चमकतात. त्याने अशीच काहीतरी युक्ती केली असावी असं माझं मत आहे, आणि असं मानणारा मी एकटा नाही.

आता घरी करायचं. मोठ्या माणसाने ज्योतीशी बसायचं, डोळ्याला गॉगल हवाच. मेणबत्ती पुरत नाही, काच मऊ होते पण काजळी धरते. माझे पहिले वीसेक मणी असेच काळे गेले. सोनाराकडची गॅसची फुंकणी उत्तम. आमच्या गल्लीतल्या सोनाराने हसत हसत दहा मिनिटं दिली होती, आता तोच मला मणी करून देतो. लॅबच्या दुकानात ढवळायची काचेची कांडी मिळते. ती मधोमध तापवून लाल, मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी झटकन ओढा. केसाएवढा धागा येईल. थंड झाल्यावर तुकडा तोडून त्याचं टोक ज्योतीच्या कडेला हळूहळू पुढे सारा. टोक आपोआप गुंडाळत जातं, पृष्ठताणाने गोल होतं. राजगिऱ्याएवढं झालं की बाहेर. हाव धरून साबुदाण्याएवढं केलंत तर वजनाने थेंबासारखं लोंबतं, आणि ताकदही कमी. देठ थोडा ठेवून तोडा, पकडायला बरा पडतो, तो भोकासमोर न येता बाजूला राहिला म्हणजे झालं. दहातले दोन-तीन मणी कामाचे निघतील. बुडबुडा असलेला मणी वाचवायला बसू नका.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घ्या, कडा हात कापतात तेव्हा जपून. मण्याच्या निम्म्याहून लहान भोक सुईने पाडा आणि उठलेली कोर पॉलिश पेपरने घासून टाका. हे भोक फार महत्त्वाचं. मोठं झालं तर मण्याच्या कडेचे पिठूळ किरण आत येतात, फार लहान झालं तर अंधार आणि बारकावेही पुसले जातात. अशा दोन पट्ट्यांत मणी दाबून कडांना चिकटपट्टी लावा. काहीही झालं तरी यातून सूर्याकडे बघायचं नाही, हे मुलीला दोनदा सांगा.

पहिल्याच दिवशी जिवाणूंच्या मागे लागू नका. कांद्याचा पातळ पापुद्रा घ्या, त्याच्या पेशींच्या भिंती दिसल्या की मणी बरा आहे. मग फुलदाणीतलं चार-पाच दिवसांचं पाणी: त्यातले एकपेशीय आदिजीव जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठे, सुसाट पळतात, मुलं किंचाळतात. त्यानंतर दही, पाण्यात अगदी पातळ केलेलं. त्यात बारीक कांड्या आणि मण्यांच्या माळा दिसतील. त्या जागच्या जागी थरथरतात, पण ते पोहणं नव्हे, पाण्याचे रेणू त्यांना ढकलत असतात. खरं पोहणं बघायचं तर दातांवरचं कीटण काडीने खरवडून थेंबभर पाण्यात. लेवेनहूकनेही १६८३मध्ये हेच केलं. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, तरी त्याच्या दातांवर वस्ती निघाली. मग त्याने जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याला पकडलं, तर तिथे जत्राच भरलेली. आमच्या वर्गात या प्रयोगानंतर आठवडाभर ब्रशचा खप वाढतो.

चष्मा असेल तर काढून बघायचं, नाहीतर डोळा पुरेसा जवळ जात नाही. साधा जवळचा-लांबचा नंबर असेल तर थोडं पुढेमागे करून फोकस जुळतो. आडवा नंबर जास्त असेल तर बघणाऱ्याला धूसरच दिसेल, त्यात मण्याची चूक नाही.

प्रदर्शनात रांग लागते आणि प्रत्येकाला फोकस जुळवायला दोन मिनिटं जातात, मागचे कंटाळतात. म्हणून तीन पट्ट्या करा: एकीत कांदा, दुसरीत डासाचा पंख, तिसरीत फुलदाणीचं पाणी, आणि तिसरी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवा म्हणजे पाचसहा जण एकदम बघतील. थेंब वीस मिनिटांत वाळतो, तेव्हा ड्रॉपर जवळ ठेवा. आणि पट्टी फोनला लावताना चिकटपट्टीचा डिंक भोकावर येऊ देऊ नका, मग दिवसभर सगळे डिंकच बघत बसतात.